डेट्रॉइटच्या शेतावरचा भाजीचा शेअर: अख्खा सीझन घेऊन झाल्यावर

आधीच सांगते, हे लांब होणारे. दर उन्हाळ्यात इथल्या मराठी ग्रुपवर कोणी ना कोणी विचारतंच की ताजी भाजी कुठे मिळते, इंडियन स्टोअरमधली भेंडी जून निघते, मेथीच्या जुडीत निम्म्या काड्याच असतात, आणि मग उत्तरं येतात ती नोव्हाय, ट्रॉय, कॅन्टन या उपनगरांतल्या दुकानांची. डेट्रॉइट शहराचं नाव कोणी घेत नाही. शहरात जायचं ते मॅच बघायला नाहीतर भारतातून पाहुणे आले की म्युझियम दाखवायला, आणि अंधार पडायच्या आत परत, असंच आपल्यातल्या बऱ्याच जणांचं आहे, आमचंही पहिली ३ वर्षं तसंच होतं. मग २०२४ मध्ये आम्ही हॅमट्रॅमिकला भाड्याने राहायला आलो, हे म्हणजे डेट्रॉइटच्या पोटातलंच छोटं गाव, आणि तिथून सायकलने १५ मिनिटांवर असलेल्या एका शेताचा भाजीचा शेअर मी २०२५ च्या पूर्ण सीझनसाठी घेतला. त्याचा हा रिव्ह्यू.

शेताचं नाव लिहीत नाहीये. एकतर त्यांच्याकडे जेमतेम ३० शेअर असतात आणि त्यातले निम्मे त्याच मोहल्ल्यातल्या लोकांसाठी ठेवलेले असतात, आणि दुसरं म्हणजे मी काही तक्रारीपण लिहिणारे, ८-१० माणसांच्या जिवावर चाललेल्या जागेचं नाव घेऊन ते करणं मला बरं वाटत नाही. अशी शेतं शहरात बरीच आहेत, शोधली की सापडतात.

शेअर म्हणजे काय ते आधी. फेब्रुवारी-मार्चमध्ये, शेतात ढोपरभर बर्फ असताना, तुम्ही शेताला पैसे देऊन टाकता, त्या पैशातून ते बी, कंपोस्ट, ठिबकच्या नळ्या घेतात, आणि मग जूनपासून ऑक्टोबर संपेपर्यंत दर गुरुवारी जे पिकेल त्यातला तुमचा वाटा तुम्ही घेऊन यायचा. काय हवं ते निवडायचं नाही, गारा पडल्या आणि पीक झोपलं तर पैसे परत नाहीत. याला इकडे सीएसए (कम्युनिटी सपोर्टेड ॲग्रिकल्चर) म्हणतात. आईला फोनवर सांगितलं तर ती लगेच म्हणाली, "अगं, हे आपल्या ग्राहक पंचायतीसारखंच की!" डोंबिवलीला आईचा मुंबई ग्राहक पंचायतीचा संघ होता, १९७५ पासूनची संस्था आहे ती, आधी यादी भरायची, आधी पैसे भरायचे, मग महिन्याचा माल कोणा एकीच्या घरी उतरायचा आणि आमच्या हॉलमध्ये पोत्यांच्या मधे बसून बायका डाळी-तांदळाचं वाटप करायच्या, मी काट्यावर वजनं ठेवायला असायचे. त्यामुळे शेअरची कल्पना मला परकी वाटलीच नाही. फरक एवढाच की पंचायतीत आपण मधल्या व्यापाऱ्याला बाजूला ठेवायचो, इथे शेतकऱ्याची जोखीमसुद्धा आपण वाटून घेतो. आणि हा फरक लहान नाही, हे ऑगस्टमध्ये कळलं, त्यावर येतेच.

अमेरिकेत हा प्रकार १९८६ मध्ये मॅसॅच्युसेट्स आणि न्यू हॅम्पशायरमधल्या २ शेतांवर सुरू झाला असं सगळीकडे वाचायला मिळतं. पण शेतावरच्या अवजारांच्या शेडमध्ये एक फोटो लावलाय, बुकर टी. व्हॉटली म्हणून, अलाबामात टस्कीगीला शेतीचे प्राध्यापक होते, कृष्णवर्णीय. हे गृहस्थ त्याच्या कितीतरी आधीपासून छोट्या शेतकऱ्यांना सांगत होते की गिऱ्हाइकांचा क्लब करा, वर्गणी आधीच घ्या, म्हणजे बाजारभावाच्या तोंडाकडे बघत बसायला नको. मला त्यांचं नाव तिथे फावडं घ्यायला गेले तेव्हा कळलं.

आता दर. पूर्ण शेअरचे ३ दर होते, ६०० डॉलर, ४८० आणि ३००. कुठला घ्यायचा ते तुम्ही ठरवायचं, पगाराचा कागद कोणी मागत नाही. फॉर्मवर फक्त एवढं लिहिलेलं की घर, औषधं आणि जेवण यांपैकी एकाची निवड करावी लागत असेल तर खालचा दर घ्या, नसेल तर वरचा घ्या म्हणजे खालचा दर टिकतो. आम्ही मधला घेतला. नवरा म्हणाला कसं असतं बघू तरी आधी. ज्यांच्याकडे ब्रिज कार्ड आहे, म्हणजे मिशिगनचं फूड स्टॅम्पचं (कमी उत्पन्नवाल्यांना अन्नासाठी मिळणाऱ्या सरकारी मदतीचं) कार्ड, त्यांना आधी सगळे पैसे भरायची सक्ती नाही, दर आठवड्याला स्वाइप करता येतं.

पहिल्या गुरुवारी गेले तेव्हा रस्ता चुकलाय असंच वाटलं. एका ओळीत २ घरं, मग ५ रिकामे प्लॉट, मग जळलेलं एक घर, मग परत रिकामं, कंबरेएवढं गवत, आणि त्या गवतातून तुरुतुरु पळणारा लाल तोंडाचा फेजंट पक्षी, तुऱ्याबिऱ्यासकट, मी शहराच्या मध्यावर असं काही कधी पाहिलं नव्हतं. १९५० मध्ये या शहरात साडेअठरा लाख माणसं राहायची, २०२० च्या जनगणनेत ६ लाख ३९ हजार. ही रिकामी जागा म्हणजे त्या गेलेल्या माणसांची घरं आहेत, हे शेत ज्या मातीवर उभं आहे त्या मातीत खणलं की अजून विटा आणि काचा लागतात. मग कोपऱ्यावर वळलं की एकदम हिरवं दिसतं, ९ प्लॉट जोडून केलेलं शेत, लांबच लांब गादीवाफे, २ हूप हाऊस (आपल्याकडच्या पॉलीहाऊसचा साधा अवतार), बंद गेटला रंगवलेली पाटी, आणि टेबलामागे उभी असलेली ७० च्या पुढची एक बाई, जिला सगळे लहान-थोर 'मामा' म्हणतात. इथल्या कृष्णवर्णीय लोकांत आईसारख्या मोठ्या बाईला आदराने मामा म्हणतात, आपल्या कानाला आधी विचित्र वाटतं, माझ्या ६ वर्षांच्या मुलाला तर २ आठवडे पटतच नव्हतं की मामा बाई कशी असेल. आता तोही हाक मारतो.

जूनमध्ये क्रेट बघून मी खरंच नाराज झाले होते. लेट्यूस, मुळे (आपले लांब पांढरे नाही, लालबुंद गोट्यांएवढे), नवलकोल, आणि वळवळीत हिरवे दोर, जे मला आधी शोभेचे वाटले. ते लसणाचे फुलाचे दांडे निघाले. जूनमध्ये ते खुडावे लागतात, नाहीतर जमिनीखालचा गड्डा भरत नाही. घरी आणून बारीक चिरले, तेलात परतले, शेंगदाणे, तिखट, मीठ घालून खलबत्त्यात ठेचले, आणि भाकरीबरोबर खाल्लं तेव्हा ३ वर्षांत पहिल्यांदा मला लसणाच्या पातीची चटणी खाल्ल्यासारखं वाटलं. पुढच्या गुरुवारी डबीत घालून मामाला नेऊन दिली. तिने बोटाने चाटून बघितली, डोळे मिटले, आणि त्यानंतर माझ्या क्रेटमध्ये दांड्यांची एक जुडी जास्त असायची.

मग आली पानं. पानं, पानं आणि पानं. केल, स्विस चार्ड, आणि कॉलर्ड. कॉलर्ड म्हणजे कोबीच्या जातीचं, पण गड्डा न धरणारं, ताटाएवढं जाड पान, अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या कृष्णवर्णीय घरांत याच्याशिवाय रविवारचं जेवण होत नाही. जुलैत ३ आठवडे ओळीने आलं, आणि मला काही सुचेना. भाजी केली तर चिवट, आमटीत घातलं तर वेगळंच पडायचं. मग एकदा पान उलटं करून बघितलं, मागच्या शिरा, रुंदी, आणि डोक्यात आलं अरे हे तर अळूच्या वडीला जन्माला आलेलं पान आहे! मधली जाड शीर सुरीने तासून काढली, गरम पाण्यातून एकदा काढली पानं म्हणजे वळायला मऊ होतात, बेसन, चिंच, गूळ, तिखट, ओवा, ४ पानं एकावर एक, गुंडाळी, वाफवली, कापली, तळली. अळूसारखं घशाला खाजत नाही हा वर फायदा. ज्यांना इकडे अळू मिळत नाही त्यांनी कॉलर्डच्या वड्या करून बघाच, यासाठी तरी हा रिव्ह्यू वाचल्याचं सार्थक होईल. पहिलं गोठलेलं दव पडून गेल्यावर, म्हणजे ऑक्टोबरच्या मध्यानंतर, हीच पानं गोड होतात, तेव्हाच्या वड्या सगळ्यात चांगल्या झाल्या.

ऑगस्टमध्ये भेंडी आणि चवळी सुरू झाली आणि माझं नातंच बदललं त्या जागेशी. मामाने शेंग फोडून दाणे हातावर घेतले, पांढरे, मधे काळा डोळा, आणि मला विचारलं तुमच्याकडे असतात का हे. मी म्हटलं अहो, ही चवळी, श्रावणात उसळ होते आमच्याकडे याची. तिच्याकडे नवीन वर्षाच्या दिवशी कॉलर्डबरोबर शिजवतात, वर्ष चांगलं जावं म्हणून. चवळी मूळची आफ्रिकेतली, तिथून एक वाट आपल्याकडे आली फार फार जुन्या काळी, आणि एक वाट गुलामांच्या जहाजांतून अमेरिकेत गेली. भेंडीचा इंग्रजीतला ओक्रा हा शब्दसुद्धा पश्चिम आफ्रिकेतून आलेला आहे. मामाचे आईवडील मिसिसिपीतून आले, गाड्यांच्या कारखान्यात काम मिळतं म्हणून, दक्षिणेतून असे लाखो लोक उत्तरेकडे आले १९१० ते १९७० मध्ये, आणि घरामागे २ वाफे सगळ्यांनी लावले कारण शेती अंगात होती. मी तिला भेंडीचे काप तव्यावर कोकम घालून करतात ते सांगितलं, बुळबुळीत होत नाही म्हणून, तिने मला शेंगा लहान असतानाच काढायला शिकवलं, दोन दिवस उशीर झाला की दोरी. आपल्या दुकानातली भेंडी जून का असते त्याचं उत्तर मला तिथे मिळालं, वजन वाढेपर्यंत झाडावर ठेवतात.

आता ते ऑगस्टमधलं, ज्याच्यासाठी मी खरं तर हे लिहायला बसले.

त्या वर्षी टोमॅटो उशिरा आले. ऑगस्टच्या दुसऱ्या गुरुवारी पहिले पिकलेले क्रेट टेबलावर आले, लाल, चपटे, फाटलेले, वासानेच तोंडाला पाणी सुटावं असे. शेअरवाल्यांच्या प्रत्येक क्रेटमध्ये ५ टोमॅटो मोजून घातले, आणि ४ मोठे क्रेट बाजूच्या टेबलावर ठेवले, तिथे मोहल्ल्यातले लोक चालत येऊन सुटी भाजी घेतात, त्यांना भाव कमी असतो. मला राग आला. मनातल्या मनात नाही, मी बोलून दाखवलं. म्हटलं आम्ही मार्चमध्ये पैसे भरलेत, जोखीम आम्ही घेतली, मग आधी आमचे क्रेट भरायला नको का? ३० वर्षांचा असेल तो मुलगा जो सगळं बघतो, त्याने शांतपणे सांगितलं की शेअरच्या कागदावर पहिल्याच पानावर लिहिलंय, पीक कमी असेल तेव्हा निम्मं आधी रस्त्यापलीकडच्या घरांना जाईल. मी तो कागद न वाचता सही केली होती.

तेवढ्यात एक म्हातारे गृहस्थ वॉकर ढकलत आले. त्यांनी एकेक टोमॅटो उचलून, देठाकडे अंगठ्याने हलकं दाबून, वास घेऊन, ४ निवडले. त्यांना घाई नव्हती. ब्रिज कार्ड दिलं, मशीनवर स्वाइप झालं, आणि मुलाने त्यांना सांगितलं की डबल अप आहे, तेवढ्याच पैशाची अजून भाजी घ्या. हे डबल अप फूड बक्स २००९ मध्ये डेट्रॉइटमध्येच सुरू झालं, फूड स्टॅम्पच्या एका डॉलरची भाजी घेतली की दुसऱ्या डॉलरची भाजी वर मिळते, आता कितीतरी राज्यांत आहे. त्यांनी अजून ४ निवडले. तसेच, दाबून, वास घेऊन. माझ्या आजोबांना मी भाजी मार्केटमध्ये असंच निवडताना पाहिलंय आणि मला एकदम कळलं की या माणसाला त्याच्या घराजवळ भाजी निवडायला मिळणं ही केवढी गोष्ट आहे. त्या भागात चालत जाण्यासारखं दुसरं दुकान म्हणजे दारूचं, ज्यात काचेमागे कांदे, बटाटे आणि काळी पडलेली केळी असतात, मी स्वतः एकदा तिथे लिंबं घ्यायला गेले आणि बुरशी आलेली घेऊन बाहेर पडले.

बरेच लोक म्हणतात डेट्रॉइट म्हणजे फूड डेझर्ट, जवळपास ताजं अन्न न मिळणारं वाळवंट. शेतावर हा शब्द कोणाला आवडत नाही. वाळवंट आपोआप होतं, हे कोणीतरी केलंय असं त्यांचं म्हणणं, म्हणून ते फूड अपार्थाइड, म्हणजे अन्नातला वर्णभेद, म्हणतात, आणि इतिहास वाचला की मलाही तोच शब्द बरोबर वाटतो. कृष्णवर्णीयांच्या वस्त्या नकाशावर लाल रेघेने वेगळ्या काढून बँकांनी कर्जं नाकारली, ब्लॅक बॉटम म्हणून त्यांची भरभराटीची वस्ती होती, दुकानांनी गजबजलेली, ती पाडून तिथून हायवे नेला, गोरी माणसं उपनगरांत गेली आणि मोठी दुकानं त्यांच्या मागे गेली. २००७ मध्ये फार्मर जॅक बंद झालं तेव्हा शहरात एकही मोठी सुपरमार्केट चेन राहिली नव्हती. त्यानंतर २०१३ मध्ये परत यायला लागल्या. दुकानं अजिबात नाहीत असं नाही, छोटी बरीच आहेत, पण ती कोणाच्या मालकीची, तिथे काय ठेवायचं हे कोण ठरवतं, आणि तिथे खर्च झालेला पैसा कुठे जातो, हा या लोकांचा प्रश्न आहे. भाजी मिळाली की न्याय झाला असं ते मानत नाहीत. २००६ मध्ये इथले कार्यकर्ते मलिक याकिनी आणि इतरांनी कृष्णवर्णीय समाजाच्या अन्नासाठी एक नेटवर्क उभं केलं, त्याच्या नावात आधी फूड सिक्युरिटी होतं, नंतर बदलून फूड सोव्हरिन्टी केलं, म्हणजे नुसती सुरक्षा नाही, स्वतःच्या ताटावर स्वतःची सत्ता. त्यांचं डी-टाऊन फार्म रूज पार्कमध्ये ७ एकरांवर आहे, एकदा जाऊन बघण्यासारखं.

आणि ही शेती काही नवीन फॅशन नाही. १८९४ मध्ये मंदीत इथला मेयर हेझन पिंग्री याने रिकाम्या जमिनी बेकारांना बटाटे लावायला दिल्या होत्या. १९९२ मध्ये इथल्या कार्यकर्त्या ग्रेस ली बॉग्स आणि त्यांच्या सोबत्यांनी डेट्रॉइट समर सुरू केलं, तरुण मुलांना घेऊन मोकळ्या जागांवर बागा केल्या, ग्रेसबाई १०० वर्षं जगल्या, २०१५ मध्ये गेल्या. आज शहरात हजाराहून जास्त लहानमोठ्या बागा आणि शेतं आहेत.

बरं, आता तक्रारी, कारण गोड गोड लिहून कोणाचा फायदा नाही.

भाजी घ्यायची वेळ फक्त गुरुवारी ४ ते ६. नोकरी करणाऱ्यांना हे फार अवघड जातं. एकदा मी ६ वाजून १० मिनिटांनी पोचले तर गेटला कुलूप, आणि माझा वाटा टेबलावरच्या लोकांत वाटून झालेला. नियमाप्रमाणे बरोबर आहे, पण मेसेज तरी करायचा. ईमेलला उत्तर ४-४ दिवस येत नाही. ब्रिज कार्डचं मशीन सीझनमध्ये दोनदा बंद होतं आणि तेव्हा कार्डवाल्यांना त्यांनी वहीत उधारी लिहून भाजी दिली, ते चांगलंच केलं, पण एका आजींना ते उधारीचं आवडलं नाही आणि त्या रिकाम्या हाताने परत गेल्या. ते मला अजून आठवतं. ज्यांच्यासाठी हे सगळं चाललंय त्यांना मान खाली घालावी लागू नये, यासाठी दुसरं मशीन ठेवणं हा खर्च आधी करायला हवा, हे मी त्यांना फीडबॅकमध्ये लिहून दिलंय.

घेवडा मिळालाच नाही. ग्राउंडहॉग म्हणून घुशीपेक्षा बराच मोठा प्राणी असतो, त्याने एका रात्रीत दोन वाफे साफ केले. पानांना माती खूप असते, ३ पाणी धुवायला लागतात, घाईच्या दिवशी जीव जातो. आणि किंमत: मी वहीत लिहून ठेवलं होतं, जूनमध्ये दुकानापेक्षा महाग पडतं, ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये चांगलंच स्वस्त, एकूण मधल्या दराने जवळपास बरोबरीत सुटतं. नुसतं पैसे वाचवायला घेणार असाल तर घेऊ नका.

शिशाबद्दल सगळे विचारतात, तेही सांगते. १९७८ च्या आधीच्या घरांना शिसं असलेला रंग असायचा, ती घरं पाडली की तो मातीत मिसळतो, त्यामुळे डेट्रॉइटच्या कुठल्याही रिकाम्या प्लॉटवर सरळ बी टाकून लहान मुलांना खायला घालू नका. या शेतावर मातीच्या तपासणीचे रिपोर्ट शेडच्या दारावरच लावलेत, प्लॉटनिहाय, आणि २ प्लॉट खराब आले म्हणून तिथे त्यांनी फक्त फुलं लावलीत. बाकी सगळं बाहेरून आणलेल्या मातीच्या आणि कंपोस्टच्या उंच वाफ्यांत. मी तिथे मुलाला निर्धास्त नेते, पण घरी आलं की हात आणि बूट आधी. स्वतःची बाग करायची असेल तर कीप ग्रोइंग डेट्रॉइट ही संस्था शहरातल्या लोकांना अगदी थोड्या पैशात बी, रोपं देते, माती तपासून द्यायलाही मदत करते. हॅमट्रॅमिकच्या आमच्या गल्लीत बांगलादेशी शेजाऱ्यांनी तर फाटकापासून छपरापर्यंत मांडव घातलेत, ऑगस्टमध्ये डोक्यावर दुधी लोंबत असतात, खाली लाल माठ. तिकडूनही मला माठाची जुडी येते, शेअरशिवाय, नुसती शेजार म्हणून.

एका गोष्टीची मला खरी काळजी वाटते आणि ती म्हणजे जमीन. त्या ९ प्लॉटपैकी ५ च शेताच्या नावावर आहेत. बाकीचे लँड बँकेचे, म्हणजे शहरातल्या रिकाम्या जागा ताब्यात असलेल्या सरकारी संस्थेचे. इथे शेजारचा रिकामा प्लॉट घरमालकाला १०० डॉलरला मिळतो, पण शेतीसाठी सलग जागा घ्यायची म्हटली की कागद, फेऱ्या, वर्षं. २०१२ मध्ये मात्र एका श्रीमंत उद्योजकाला झाडं लावायला जवळजवळ १,५०० प्लॉट एकगठ्ठा विकायला शहराने मंजुरी दिली होती, लोकांनी केवढा विरोध केला तरी. ज्यांनी २० वर्षं काचा वेचून माती केली ते रांगेत आणि पैसेवाला पुढे, हे बघून चीड येते. २०२० पासून इथल्या ३ संस्थांनी मिळून कृष्णवर्णीय शेतकऱ्यांना जमीन नावावर करून द्यायला एक फंड चालवलाय, लोकांच्या देणग्यांतून. आम्ही दिवाळीला फटाक्यांऐवजी तिथे पैसे दिले.

शेवटचा गुरुवार ऑक्टोबरचा होता. हवेत गारठा, केल आणि कॉलर्ड, भोपळे, रताळी. सरकारी शटडाऊन (बजेट अडल्याने केंद्र सरकारचं कामकाज बंद) चालू होतं आणि नोव्हेंबरचे फूड स्टॅम्पचे पैसे येणार नाहीत अशी बातमी आलेली. टेबलावर त्या दिवशी भाव लिहिलेली पाटी नव्हतीच. मुलगा म्हणाला ज्याला जे लागेल ते न्या, आणि शेअरवाल्यांना विचारलं की तुमच्यातलं काही ठेवायचंय का. कोणी भाषण केलं नाही. माझ्या पुढच्या माणसाने भोपळा परत ठेवला, मी रताळी ठेवली, मागच्या मुलीने अख्खा क्रेट ठेवला. वॉकरवाले आजोबा आले होते, या वेळी दाबून बघण्यासारखं काही नव्हतं, त्यांनी रताळी उलटसुलट करून निवडली, आणि मामाला विचारलं लसूण कधी लावताय.

तर घ्यावा का शेअर? स्वयंपाक आवडत असेल, आठवड्यातले दोन तास देता येत असतील, आणि क्रेटमध्ये काय येईल ते बघून मग काय करायचं ते ठरवण्याची तयारी असेल तर नक्की घ्या. फक्त भेंडी आणि मेथी हवी असेल तर शनिवारी ईस्टर्न मार्केटला ग्रोन इन डेट्रॉइटचा स्टॉल लागतो, तिथे शहरात पिकलेली भाजी सुटी मिळते, तिथून सुरुवात करा. हिवाळ्यात मी वुडवर्ड ॲव्हेन्यूवरच्या डेट्रॉइट पीपल्स फूड को-ऑपमध्ये जाते, २०२४ च्या मे महिन्यात उघडलंय, याकिनींच्या त्याच नेटवर्कच्या कित्येक वर्षांच्या खटपटीतून, दुकानाची मालकी सभासदांची आहे पण खरेदी कोणीही करू शकतं. माझ्या मते शेताला ५ पैकी साडेचार, अर्धा कापला तो त्या आजींसाठी.

पुढच्या वर्षी आम्ही वरचा दर भरणार आहोत, नवऱ्यानेच फॉर्म भरला. आणि कागदाचं पहिलं पान या वेळी दोघांनी वाचलं. आपल्यापैकी कोणाला यायचं असेल तर मला मेसेज करा, नावनोंदणी जानेवारीच्या शेवटी उघडते आणि आठवड्याभरात भरते, कारपूल करता येईल. लसूण आम्ही नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी लावला, ४ ओळी, पाकळीचं टोक वर, वर वीतभर पेंढ्याचं आच्छादन, मुलाने एक ओळ एकट्याने केली आहे आणि त्याने तिथे स्वतःच्या नावाची काडी खोचून ठेवलीय. जूनमध्ये त्या ओळीचे दांडे खुडायला यायचं असेल तरी सांगा.